काळजी जिची, दावं तिच्या हाती

(लेकरांना जनावर पाळायला आणि दाखवायला शिकवण्याविषयी, रेडिओवरील भाषण)



आजचा विषय जनावरांचा आहे आणि लेकरांचाही. बकरीपालनावर आपण गटात पुष्कळ बोलतो. कर्ज किती घेतलं, पिल्लं किती झाली, बाजारात भाव काय मिळाला, हे सगळं आपल्या वहीत असतं. पण ज्या घरात बकरी आहे त्या घरातलं लेकरू तिच्याशी कसं वागतं, तिच्यापासून काय शिकतं आणि तिच्यापायी त्याच्यावर किती काम पडतं, हे वहीत कधी येत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू. लेकराच्या हाती जनावर कसं द्यावं, आणि ते चारचौघांत नेऊन दाखवायला त्याला कसं शिकवावं.

आपल्याकडे हे जुनंच आहे

पिठोरी अमावास्येला पोळा होतो. बैल धुतले जातात, त्यांना झूल चढते, तोरणाखाली ते उभे राहतात. दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात आणि विदर्भातल्या गावागावांत तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मान लेकरांचा. जो तो आपला लाकडी नंदी रंगवून, सजवून आणतो. मुलं नटून येतात, नंदीची रांग लागते, चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं. मग घरोघरी नंदी न्यायचा आणि बोजारा घ्यायचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी राजे यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात.

यातली समजूत पाहण्यासारखी आहे. मोठा बैल लेकराच्या हाती देता येत नाही. त्याने नुसती मान झटकली तरी लेकरू पडेल. पण बैलाविषयीची माया, त्याला सजवण्याची हौस आणि तो लोकांना दाखवण्याचा अभिमान लेकराला मिळायला हवा. म्हणून जनावर लहान केलं. हात जेवढा, तेवढं जनावर.

हीच समजूत दूर अमेरिकेतही दिसते. तिथे मुद्दाम बुटके घोडे पाळतात. आयाळ संपते तिथे मोजली तर त्यांची उंची जास्तीत जास्त ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडी जास्त. या घोड्यावर मोठी मुलं बसत नाहीत. त्याला खरारा करतात, दाणापाणी करतात, दोरीने चालवतात आणि जत्रेत नेऊन दाखवतात. तिथल्या खेड्यांत मुलांचे गटही आहेत. 'फोर-एच' नावाचे हे गट १९०२ साली ओहायो राज्यात सुरू झाले. डोकं, मन, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं मिळून ते नाव झालं. त्या गटांतली मुलं वासरू, बकरी, कोंबडी, घोडा असं काहीतरी स्वतः वाढवतात. त्यांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा अशी असते की परीक्षक जनावराला गुण देत नाही, मुलाला देतो. जनावराला कसं धरलं, कसं चालवलं, त्याच्याविषयी काय माहीत आहे, हे तो बघतो.

आपल्याला बुटका घोडा आणायची काही गरज नाही. आपल्या कोठ्यात बकरीचं पिल्लू आहे. जन्मताना दोन ते अडीच किलोचं, लेकराच्या कुशीत मावणारं. लाकडी नंदीच्या पुढची पायरी तीच.

आणि हाताने काम करत शिकायचं, हा विचारही आपल्याच मातीतला. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे हेच मांडलं की मुलांचं शिक्षण हाताच्या उपयोगी कामातून व्हावं. पुढे त्याला नई तालीम म्हणू लागले. त्यात काम हे शिक्षणासाठी होतं, शिक्षण बुडवून काम नव्हतं. हा फरक आपण नीट लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

जबाबदारी द्यायची, ओझं नाही

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क आहे. २००९ चा तो कायदा २०१० पासून लागू झाला. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली बदल झाला. त्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात मदत करता येते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच.

म्हणजे सकाळी अर्धा तास पिल्लाची निगा ठेवून शाळेत जाणारं लेकरू शिकतं आहे. शाळेच्या वेळेत दहा बकऱ्या घेऊन धुऱ्याने फिरणारं लेकरू राबतं आहे. जनावर तेच, घर तेच, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. आमच्या गटांत आम्ही एक साधी खूण ठरवली आहे. जनावरापायी एक दिवसही शाळा बुडाली, तर लेकराचं काम कमी करायचं. काम शाळेच्या वेळेभोवती बसवायचं, शाळा कामाभोवती नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, कारण ती आपल्या घरातलीच आहे. कोठा कोण झाडतं? लेंड्या कोण काढतं? पाला कोण आणतं? बहुतेक घरांत पोरगी. आणि प्रदर्शनात बकरीचं दावं कोणाच्या हाती असतं? बहुतेक वेळा पोराच्या. फोटोत तोच, बक्षीस घ्यायला तोच. पोरगी गर्दीत मागे उभी असते, किंवा घरी स्वयंपाक करत असते.

मैत्रिणींनो, हे आपण आपल्याबाबतीत भोगलं आहे. शेतात राबलो आपण आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. म्हणून तर आपण गट केला, आपल्या नावाचं खातं काढलं, स्वतः सही करायला लागलो. मग आपल्या पोरीच्या वाट्याला तीच रीत का द्यावी? जिने काळजी घेतली, दावं तिच्या हाती. पोराने घेतली असेल तर त्याच्या हाती. दोघांनी मिळून घेतली असेल तर दोघांची नावं. लेंड्या काढायची पाळी मात्र दोघांची.

कोणत्या वयात काय

पाच ते सात वर्षांच्या लेकराने मोठ्यांच्या सोबत राहून बघावं. हाताने पाला भरवावा, पिल्लाला नाव ठेवावं. त्याच्यासाठी अजून लाकडी नंदीच खरा.

आठ ते दहाच्या लेकराला रोजचं एक ठरलेलं काम द्यावं. पाण्याचं भांडं घासून भरणं हे सगळ्यांत चांगलं. काम छोटं आहे, पण चुकलं तर लगेच दिसतं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारी पाण्याचं भांडं कोरडं राहिलं तर बकरीच्या जिवावर बेततं. 'माझ्यामुळे तिला पाणी मिळतं' हे लेकराला कळलं की ते मोठं होतं.

अकरा ते चौदाच्या लेकराकडे एक पिल्लू पूर्ण सोपवता येतं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. त्याहून जास्त नको. एकच पिल्लू. चार दिली की तो धंदा झाला आणि लेकरू मजूर झालं.

पंधराच्या पुढे लसीकरणाच्या तारखा सांभाळणं, खाद्याचा हिशेब ठेवणं, मोठ्यांबरोबर बाजारात जाऊन भाव समजून घेणं, हेही जमतं.

पिल्लू निवडताना मादी, म्हणजे पाठ द्यावी. ती घरात राहते, वर्षाच्या आसपास गाभण राहते, पाच महिन्यांनी विते. लेकराला एका जिवाचं पूर्ण चक्र दिसतं. बोकड मात्र विकायलाच वाढवलेला असतो, आणि मोठा झाला की धडक मारतो.

जात कोणती, असं बाया विचारतात. आम्ही म्हणतो, आपली बेरारी. वऱ्हाड म्हणजे बेरार, त्यावरून हे नाव पडलं. विदर्भातल्या या बकरीची देशाच्या पशुजातींच्या यादीत स्वतंत्र नोंद आहे. अंगाने तांबूस-भुरी, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना शिंगापासून नाकाकडे उतरणारा फिकट पट्टा. आपलं ऊन आणि आपला पाला तिच्या अंगवळणी पडलेला आहे. महागडी परजातीची बकरी आणून लेकराच्या हाती देण्यापेक्षा कोठ्यात जन्मलेली बेरारी पाठ बरी.

पिल्लाची निगा, मोठ्यांची आणि लेकरांची

बकरी विताना लेकरांना जवळ बसू देऊ नका. गाभडलेलं पिल्लू, वार, रक्त याला त्यांचा हात लागता कामा नये. त्यातून ब्रुसेल्लासारखे आजार माणसाला होतात. हे काम मोठ्यांनी करायचं, तेही हातमोजे घालून. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं. तासाभरात पिल्लाला चीक पाजायचा. पहिल्या दिवसभरात पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढा चीक त्याच्या पोटात जायला हवा. दोन किलोचं पिल्लू असेल तर साधारण २०० मिली, तोही थोडा थोडा करून. चीक म्हणजे पिल्लाची पहिली लसच समजा.

लेकराचं काम यानंतर सुरू होतं. खाली कोरडं पोतं घालणं. थंडीत वारा लागणार नाही अशी आडोशाची जागा करणं. पिल्लू दूध ओढतं का, उड्या मारतं का, हगवण तर नाही ना, हे रोज बघणं. लेकराची नजर यात मोठ्यांपेक्षा तेज असते. आपण कामाच्या घाईत असतो, ते मात्र पिल्लाकडेच बघत असतं. 'आज ही गप्प आहे' असं लेकरू म्हणालं तर त्याला झिडकारू नका. जाऊन बघा. बकरीचं अंग साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा गरमच. डावी कूस फुगली असेल तर पोटफुगी समजायची आणि डॉक्टरांना कळवायचं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि लेकरालाही पाठ करू द्या.

जंतांचं औषध, पीपीआरची लस, पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस, यांच्या तारखा आपल्या दवाखान्यातून किंवा गावातल्या पशुसखीकडून लिहून घ्या. औषध पाजणं आणि टोचणं मोठ्यांचं काम. तारखेची आठवण करून देणं लेकराचं.

वही: लेकराची खरी शाळा

आपल्या गटाची वही जशी नीट असते तशी एक वही पिल्लाच्या नावाने लेकराला करून द्या. पहिल्या पानावर जन्मतारीख, आई कोणती, रंग, खूण. कानात बिल्ला असेल तर त्यावरचा १२ आकडी क्रमांक. जसा आपला आधार क्रमांक, तसा तो जनावराचा. पुढच्या पानांवर आठवड्याला एक नोंद. काय खाल्लं, आजारी पडलं का, कोणती लस झाली, खर्च किती झाला आणि वजन किती भरलं.

वजनकाटा नसेल तरी वजनाचा अंदाज काढता येतो. शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या अगदी मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत अंगाची लांबी मोजा. घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि १०,८०० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. घेर ५० आणि लांबी ४५ असेल तर ५० गुणिले ५० म्हणजे २,५००. गुणिले ४५ म्हणजे १,१२,५००. भागिले १०,८०० म्हणजे साधारण साडेदहा किलो. हा अंदाज आहे, काट्याची बरोबरी करत नाही. पण दर आठवड्याला मोजलं तर पिल्लू वाढतं आहे की थांबलं आहे, ते नक्की कळतं. आणि पुस्तकातला गुणाकार ज्या लेकराला कंटाळवाणा वाटतो, ते आपल्या बकरीसाठी तीनदा पडताळून करतं.

दात बघायलाही शिकवा. बकरीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ दुधाचे असतात. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून मोठे पक्के दात येतात, ती दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि चार वर्षांच्या आत-बाहेर आठही पक्के. बाजारात वय सांगून फसवणारे पुष्कळ असतात. दात वाचता येणारी पोरगी फसत नाही.

इथे लेकराला एकटं सोडायचं नाही

उमरेड, भिवापूर, कुही, रामटेक, पारशिवनी या आपल्या तालुक्यांत जंगल गावाला लागून आहे. पेंचचं आणि उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल आहे, वाघ आहे, बिबट आहे. लेकराला एकटं चारायला पाठवायचं नाही. सकाळी उजाडण्याआधी आणि संध्याकाळी अंधार पडताना तर मुळीच नाही. पाला घरी आणून टाका. एका पिल्लाला लागतो किती?

कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्याचं गवत लेकराने कापू नये आणि बकरीलाही घालू नये. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात विष असतं, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर. त्याने जनावर पाहता पाहता मरतं. ही गोष्ट लेकराला नीट समजावून सांगा. कारण हिरवंगार दिसलं की मायेपोटी तेच तोडून घालावंसं वाटतं.

कोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच भाकरीला हात लावायचा. बकरीचं दूध उकळूनच प्यायचं. कुत्रा चावला किंवा बकरीला पिसाळलेला कुत्रा चावला आणि तिची लाळ लेकराच्या जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. चुना-हळद लावून वाट बघायची नाही.

विकायची वेळ येते तेव्हा

आता जरा जड गोष्ट बोलते. बकरी आपण हौसेसाठी पाळत नाही. अडचणीला ती विकतो. ते खरं आहे, आणि लेकरापासून लपवण्यात अर्थ नाही.

एका गावात आम्ही पाहिलं. सातवीतल्या मुलीने एक बोकड लहानाचा मोठा केला होता. वही नीट होती, वजन नीट होतं. घरात आजारपण आलं, पैसे हवे होते, सणाच्या तोंडावर भाव चांगला होता. ती शाळेत असताना गिऱ्हाईक आलं आणि बोकड गेला. ती घरी आली तेव्हा खुंटा रिकामा होता. विकणं चूक नव्हतं, औषधाला पैसे लागणारच होते. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तिने ती वही चुलीत घातली. नंतर घरात दुसरं पिल्लू आलं, पण ती कोठ्याकडे फिरकली नाही.

म्हणून पिल्लू लेकराच्या हाती देताना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे जनावर कोणाचं? ते कधी आणि कशासाठी विकलं जाऊ शकतं? विकलं तर लेकराचा वाटा किती? खाली आईबापाची सही आणि लेकराची सही. गटाचा ठराव जसा आपण मोडत नाही, तसा हाही मोडायचा नाही. विकायची वेळ आलीच, तर आधी लेकराला जवळ बसवून सांगा. त्याला रडू द्या. बकरीचा निरोप घेऊ द्या. लेकरं अडचण समजून घेतात. फसवणूक मात्र विसरत नाहीत.

वाट्याचे पैसे त्याच्या नावाने ठेवा. दहा वर्षांवरच्या मुलाला आपलं बचत खातं स्वतः चालवता येतं. बँकेत किंवा टपाल कार्यालयात चौकशी करा. पोरीने बकरीच्या वाट्यातून सायकलसाठी किंवा दहावीच्या पुस्तकांसाठी पैसे काढले, तर ती बचत गट म्हणजे काय ते आपल्या भाषणाशिवाय शिकली.

गावातलं लहान प्रदर्शन

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन खात्याची पशुप्रदर्शनं होतात. तिथे मोठी, नामांकित जनावरं येतात. तिथे जाऊन जरूर बघावं. पण लेकरांसाठी गावातच, ग्रामसंघाने, एक सकाळचं प्रदर्शन भरवावं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी खऱ्या जनावरांची गर्दी करू नका. पावसाळ्यात आजार लवकर पसरतात. संक्रांतीनंतर, हळदीकुंकवाच्या दिवसांत करा. ऊन कोवळं असतं, कामं जरा हलकी झालेली असतात.

दोन महिने आधी दवंडी द्या, म्हणजे लेकरांना तयारीला वेळ मिळतो. तयारी म्हणजे रोज दहा मिनिटं. गळ्यात मऊ पट्टा बांधायचा, दोन पावलं चालवायचं, थांबायचं, पाठीवरून हात फिरवायचा, एक पान द्यायचं. ओढायचं नाही, मारायचं नाही. चारही पायांवर सरळ उभं राहायला शिकवायचं. तोंड उघडून दात दाखवायची सवय लावायची. आधीच्या दिवशी उन्हात धुवून पुसून घ्यायचं. ऑइलपेंट, गुलाल, कुंकू काही फासायचं नाही. रंग लाकडी नंदीला, जिवंत जनावराला नाही.

आता गुणांचं बोलू. वजनाला गुण ठेवले की श्रीमंत घरची बकरी जिंकते. जातीला ठेवले की विकत आणलेली जिंकते. आम्ही असं सुचवतो: वहीला २५, जनावराची तब्येत आणि स्वच्छता याला २५, धरण्या-चालवण्याला २५, आणि परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांना २५. प्रश्न असेही असावेत की खोटं लगेच उघडं पडेल. हिला कोणता पाला आवडतो? शेवटची लस कधी झाली? ही बसते कुठे? रोज जिने काळजी घेतली तिला हे विचार न करता सांगता येतं. एका दिवसापुरतं दावं धरून आलेला अडखळतो. भांडण न करता, कोणाला न बोलता, दावं आपोआप खऱ्या हातात येतं.

परीक्षक म्हणून जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा. लस झालेलीच जनावरं येऊ द्या, आजारी पिल्लू घरी राहू दे. त्याची वही मात्र मांडायला घ्या, म्हणजे त्या लेकराचा हिरमोड होत नाही. सावली, पाणी, आणि तीन तासांत सगळं आटपलेलं. डीजे आणि फटाके नकोत. बक्षीस रोख नको. बादली, पेंडेची पिशवी, नवी वही, शिवणाची टेप द्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक लेकराचं नाव मोठ्याने वाचा आणि त्याच्या बकरीचंही.

यातलं काहीच खर्चाचं नाही. एक टेप, एक वही, एक पिल्लू, आणि आपलं थोडं लक्ष. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की पाच मिनिटं हा विषय काढा. आपल्या गटात किती घरांत बकरी आहे आणि तिची काळजी घरातलं कोणतं लेकरू घेतं, एवढंच प्रत्येकीने सांगायचं. ती नावं वहीत लिहून घ्या. प्रदर्शनाची यादी तिथेच तयार होईल, आणि आपल्या घरात कोण राबतं तेही आपल्याला लिहिलेलं दिसेल.